तीन शून्यं

सोहारच्या गोदीत रात्री अडीच वाजता
क्रेन माना वर करून थांबलेल्या.
कुठला कंटेनर कुठे, हे ज्याला ठाऊक
तो सर्व्हरच उठायला तयार नाही.

मेमरीच्या रकान्यात कुणीतरी
सोळा हजारांऐवजी नुसतं सोळा टाकलंय.
एवढ्या थोरल्या यंत्राला
सोळाच्या घोटावर श्वास कसा पुरेल?

खल्फान दारात. ओरडत नाही.
कहव्याचा कप टेबलावर ठेवतो
आणि जात नाही.

कमीत कमी सेटिंगवर उठवला त्याला,
तापातून उठलेल्याला पेजेवर ठेवतात तसा.
अशा वेळी तो एकालाच आत घेतो.
मी शिरणार, तर बॅकअपचा एजंट
ती एक जागा अडवून बसलेला.
त्याला बंद केलं, तर दुसराच घुसला.
तिसऱ्या खेपेला मी.

सोळा हजार.
शून्यं स्क्रीनवर बोट टेकवून मोजली, दोनदा.
बदल लागू करायची आज्ञा विसरतच होतो,
तीही दिली.
सगळं बंद करून पुन्हा चालू.

खाली पहिली क्रेन हलली.
खल्फान म्हणाला, अल्हम्दुलिल्लाह, आता घरी जा.

मी लॉग उघडला.
मंगळवार, सहा वाजून चार मिनिटं. नाव माझंच.
कानाला फोन होता तेव्हा. मिरजेहून सई
पाढा म्हणून दाखवत होती,
सोळा एके सोळा,
आणि पुढचं आठवेना तिला.
मी म्हणालो, सावकाश, मी आहे इथेच.

खल्फानला सांगायला हवं.
कप धुऊन आणतो आधी.