नमुना सतरा

तार्तू, जानेवारी. खिडकीवर बोटभर बर्फ.
उणे ऐंशीतून मी लेएलोच्या दुधाची कुपी काढते.
वर तिचंच अक्षर : नववा दिवस. शेवटचं.
मग पान्हा आटला होता.

दुसरी कुपी लंगोटातली,
तीन महिन्यांच्या उकूची.
वास येतो. येऊ दे.

जांभळ्या उजेडात जेलवर
दोन रांगा हळूहळू उमटतात,
पट्टीशेजारी पट्टी,
एकाच हाताने विणलेल्या
दोन लोकरी मोज्यांची नक्षी जशी.
तोच जिवाणू. तोच वाण,
नऊ दिवसांत देऊन झालेला.

नियमाने मी काही सांगायचं नसतं.
पण ती फोनवर विचारते,
"माझं काही उरलंय का त्याच्यात?"

मी आधी हातमोजे काढते.
"आहे," म्हणते,
"आणि वाढतंय."