भारनियमन

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर ओयेलारन हात पुसायच्या कागदावर चित्र काढतो.
एक पेशी, कडा फाटलेल्या भाकरीसारखी,
तिच्या काठाकाठाने बारक्या वाट्या.
"यांत अ‍ॅड्रेनलिन पडलं की हृदय धावतं."
मग अंगठा ओला करून
निम्म्या वाट्या पुसून टाकतो.
"काही मोडल्या. काही आत ओढून घेतल्या.
रोज इतकं ओतलं जात होतं ना."

एकोणीस वर्षं हेडफोन कानाला.
अँब्युलन्स. पेशंट श्वास घेतोय का?
पहिल्या वर्षी प्रत्येक रिंगला पोटात खड्डा,
बोटं गार, कानाच्या पाळ्या तापलेल्या.
टॉडमॉर्डनच्या एका बाईला फोनवर
नवऱ्याची छाती दाबायला शिकवली,
एक दोन तीन चार, मोठ्याने, इंग्रजीत,
आणि पहाटे झोपेत तेच आकडे मराठीत.

नंतर कधीतरी
एक पोरगा रडत होता लाइनवर
आणि मी एका हाताने डब्याचं झाकण शोधत होते.
शेरिल म्हणाली, काय शांत असतेस गं तू.
रोज मरे त्याला कोण रडे,
हे तिला कसं सांगायचं.
मला वाटलं, हात बसला.
जिन्याच्या सातव्या पायरीवर दम लागायचा
तेव्हा वाटलं, वजन.

मन निबर होणं वेगळं, डॉक्टर म्हणतो,
हृदय निबर होणं वेगळं. गल्लत करू नकोस.
मी मान हलवते.
गल्लत करतेच.

इचलकरंजीत बाबा सहा माग सांभाळायचे.
त्या खडखडाटात उभ्याउभ्या डुलकी काढत.
घरी आले की आई ओरडून बोलायची,
शेजाऱ्यांना वाटे भांडण,
असायचं फक्त "मीठ घालू का अजून?"
बाबांपर्यंत मीठसुद्धा पोचत नसे.
पण लाइट गेली, सगळ्या गल्लीतले माग
एका दमात थांबले,
की बाबा दचकून उठायचे. काय झालं?
आई महत्त्वाचं सगळं
भारनियमनासाठी राखून ठेवायची:
भिशीचे पैसे, दादाचं नापास होणं,
माझं इंग्लंडचं स्थळ.
अंधारात, हळू आवाजात.
आणि बाबांना ऐकू यायचं.

गोळी आहे पांढरी, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची.
ही उरलेल्या वाट्यांवरही झाकण ठेवणार.
"उरल्यासुरल्याही झाकायच्या?"
माझा आवाज चढतो. कंट्रोल रूममध्ये
एकोणीस वर्षांत चढला नव्हता.
"हो. आरडाओरडा थांबला
की आत गेलेल्या परत काठावर येतात.
सगळ्या नाही. सगळ्यांच्याच नाही. महिने लागतात.
आधी थोडं जास्तच थकायला होईल."

झालं तसंच. दोन आठवडे
केस विंचरायचेही कष्ट.
आता रजेवर, खिडकीशी.
समोरच्या जुन्या लोकरीच्या गिरणीत फ्लॅट झालेत,
जिथे माग होते तिथे कुणीतरी
कुंडीतल्या टोमॅटोला पाणी घालतंय.
डोंगरावरून सायरन उतरतो. कुणाचा तरी पत्ता
कुणीतरी टाइप केला असेल,
पोस्टकोडातलं एक अक्षर चुकवून, पुन्हा.
मी छातीवर हात ठेवते.
सावकाश चाललंय. कंटाळल्यासारखं.

आई आधी काही सांगायची नाही.
आधी काळोखात विचारायची,
"जागे आहात का?"
आणि थांबायची.

मीही विचारून ठेवलंय.
लाइट यायला अजून वेळ आहे.