आर्वो आला नाही

मारेत हेलसिंकीहून येते, दोन बोटी बदलून,
शुक्रवारी रात्री. रविवारी जाते.
मधल्या दीड दिवसात तिला सगळं घर रिकामं करायचं असतं.
"हे टाक. हेही. आणि हे कुणी ठेवलं?"
वडिलांनी ठेवलं, मारेत.
ते आहेत अजून. माझ्याकडे, चौथ्या मजल्यावर,
खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणून
भिंतीकडे तोंड करून बसलेले.

तीन ढीग करायचे ठरलं होतं:
ठेवायचं, द्यायचं, जाळायचं.
दुपारपर्यंत चौथा ढीग झाला, त्याला नाव नव्हतं.
आईच्या चष्म्याची एकच काडी.
जुनिपरच्या लाकडाचे लोणी लावायचे सात सुरे, कोरे,
नाकाशी नेले की अजून झाडच.
तो रेडिओ, ज्यावर फिनलंड लागायचं
आणि लागतं हे शाळेत सांगायचं नसायचं.
बरणीभर चाव्या. परवा वडिलांना विचारलं, कशाच्या?
म्हणाले, बोटीच्या.
बोट विकून तीस वर्षं झाली. तिला कुलूप नव्हतं.

हेइकी, आमचा भाऊ, ताल्लिनला असतो.
पुढच्या आठवड्यात नक्की, म्हणतो.
त्याचे "नक्की" मी मोबाइलमध्ये लिहून ठेवते, तारीखवार.
कशासाठी, ते विचारू नका.
रात्री तीनला चादर बदलताना,
वडील एका कुशीवर, माझा गुडघा गादीला टेकलेला,
ती यादी मला तोंडपाठ म्हणता येते
आणि खरं सांगायचं तर तिची ऊब लागते.

वही मासे धुरावायच्या खोपटात सापडली.
ईल किती, किलो किती, कोण किती देणं लागतो.
उलटी धरली की मागून दुसरा हिशेब,
चौऱ्याहत्तरचा हिवाळा, आमची आजी अंथरुणावर.

"सोमवार. मी. पेज घेतली नाही.
मंगळवार. मी.
बुधवार. आर्वो येणार होता. आला नाही.
गुरुवार. मी. पाठीला जखम. साबणाचं पाणी, मग चरबी.
रविवार. आर्वो आला नाही."

शिसपेन इतकी दाबलेली
की तो "नाही" पलीकडच्या पानावरच्या माशांत उमटलेला.

आर्वोकाका!
नाताळात कोटाच्या दोन्ही खिशांतून संत्री काढणारा,
ज्याच्या शवपेटीला वडिलांनी स्वतः रंधा मारला,
ज्याच्याबद्दल घरात उणा शब्द निघाला नाही कधी.
मी मोजले. एकोणीस.

मारेत पालथ्या बादलीवर बसून वाचत राहिली,
हातमोजे न काढता, पानं चिकटत होती तरी.
मग वर न बघता म्हणाली,
"माझे किती आहेत?"
काय किती?
"उर्वे, मी ओळखते तुला."
मी निम्मे सांगितले.
तिने मान हलवली, वही चौथ्या ढिगावर ठेवली,
आणि पडदे उतरवायला गेली.

नोव्हेंबरात हेइकी आला, खरंच आला,
भलत्याच मापाचे डायपर घेऊन.
जेवणानंतर म्हणाला, दाढी मी करतो.
मी साबणाचं भांडं धरून उभी.
वडील त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले,
फेसातून नुसते डोळे.
"आर्वो?"
हेइकीने माझ्याकडे पाहिलं. त्याला वहीचं ठाऊक नव्हतं.
"आलास?"
"आलो," हेइकी म्हणाला.

मी भांडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं.
माझ्या यादीत "आला" असा रकानाच नाही.

वडिलांनी हनुवटी वर केली,
दुसरा गाल पुढे केला.
"हळू," म्हणाले, "आई झोपलीय.
आणि येताना दार नीट लावलंस ना?
वारा आत येतो."