उशिराचे कारण

कोकिळा गेली त्या पहाटे भुसावळला
थंडी वंगणासारखी रुळांवर बसली होती.
चार नंबरवरून गाडी हलली
आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला,
हिरवा झेंडा धरल्यासारखा.
चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात उभा राहून
मी मागे पडणारी गावं पाहिली,
वरणगाव, बोदवड, मलकापूर, नांदुरा.
त्यांना कसं वाटत असेल,
ते फलाटावर राहिल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी दूधवाला म्हणाला,
‘मॅडम दिसून नाही राहिल्या?’
‘भाच्याकडे गेल्यात, पुण्याला.’
तेल घातलेल्या कडीसारखं
खोटं गुपचूप सरकलं.
ती तेव्हा दोह्याच्या विमानतळावर
काचेबाहेरची वाळू बघत
कळण्याच्या पुऱ्या खात होती.

पोर्तुगाल.
एकतीस वर्षं तिने नववीच्या पोरांना
भूमध्य सागरी हवामान शिकवलं.
उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात,
ऑलिव्हची पानं जाड, मेणचट.
बाहेर पंचेचाळीस डिग्री,
पोरं पेंगताहेत,
आणि ही फळ्यावर खडूने
लांबलचक किनारा काढतेय.
तुला जायचंय का तिथं, असं मी विचारलं नाही.
मला वाटायचं, नकाशा ही तिची नोकरी आहे.

पहिला निरोप दोनच ओळींचा:
‘हिवाळ्यात पाऊस पडतो.
खरंच पडतो हो.’

स्वयंपाकघरातलं घड्याळ मी
साडेपाच तास मागे केलं.
मंगळवारी काही झालं नाही.
दोन बनियन धुतले. भात करपला.

बुधवारी दिवसभर फोन नाही.
रात्री पावणेबाराला आला.
चढाच्या गल्ल्यांत ती चुकली होती,
ट्राम संपते तिथं एक म्हातारी
दारात बसून शेंगा सोलत होती,
तिने दुसरं स्टूल पुढं सरकवलं.
दोघींनी पाटीभर शेंगा सोलल्या.
‘माझं नाव तिला म्हणता येईना,
मग मी कुहू करून दाखवलं,’ म्हणाली.
‘भर रस्त्यात?’
‘भर रस्त्यात. दोनदा.
नंतर थोडी रडले. भीतीने नाही वो.’

मग तिने विचारलं,
‘मी कुठे गेले म्हणून सांगताय लोकांना?’
घरामागून मालगाडी निघाली होती.
अठ्ठावन्न वाघिणी मोजल्या मी.
तिनेही मोजल्या असतील;
आवाज संपेपर्यंत काही बोलली नाही.

नंतर केळ्यांचा फोटो आला,
प्रत्येक केळ्याला टिकली लावल्यासारखं स्टिकर.
‘रावेरची नाहीत. विचारलं मी.’

शनिवारी माळ्यावरून
माझी जुनी गार्डची वही काढली. एक पान कोरं होतं.
गाडी: कोकिळा भिरूड.
सुटली: पहाटे चार दहा.
उशीर: एकतीस वर्षं.
उशिराचे कारण:
या रकान्यात आम्ही लिहायचो
सिग्नल नाही, धुकं, साखळी ओढली,
एकदा वरणगावजवळ म्हैस.
पेन्सिल बराच वेळ टेकवून बसलो.
टोक मोडलं.

रविवारी बाजारात गेलो.
भरिताची वांगी, हिरवी, लांबोडकी,
अंगावर अजून दव.
मी एकच उचललं.
‘एकच? बाई नाही का घरी?’
‘परदेशात गेलीय. फिरायला.’
‘पोराकडे?’
‘पोर नाही कोणी तिथं. एकटी गेलीय.’
‘एकटी? माय!’
तराजूचं पारडं तिच्या हातात तसंच राहिलं.
मागच्या माणसाने पिशवी खाली ठेवली.
मला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल.
ती म्हणाली,
‘आणि तिथं भरिताची वांगी मिळता का हो?’

‘विचारून सांगतो,’ म्हटलं.
मनात साडेपाच तास वजा केले.
तिकडे अजून पहाट.
झोपू दे.