कंदीलवाली

डोळे आधी. बाकी सगळं मग.
पांढरी रेघ, तांदळाच्या कणीहून बारीक,
तिच्यावर काळा ठिपका,
ठिपका टेकवताना श्वास घ्यायचा नाही.
रेघ बाहेर गेली तर जाऊ दे,
कातडीच्या रंगाने कडेकडेने मिटवत आणायची.
पापणी या मिटवामिटवीतूनच होते.

हे मला कुणी शिकवलं नाही.
कपांवर चेहरे नसत.
बर्सलेमच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी गुलाब काढले:
पाच पाकळ्या, दोन पानं, एक कळी,
डझनावर पैसे.
बाकांमधून फिरताना मिसेस टॅम्स थांबायची,
"एनिड, हा गुलाब तुझा दिसतोय."
ही तक्रार असे.
गुलाब कुणाचाच दिसायचा नव्हता.

मग भट्ट्या निवल्या.
कालव्याकाठी बाटलीच्या घाटाची धुराडी उरली,
त्यांत कबुतरं.
माझा उजवा हात घरी येऊन बसला
निवृत्त नवऱ्यासारखा,
सारखा मध्येमध्ये येणारा.

शेजारचा रीस, वय चौदा,
बुटाच्या खोक्यातून अख्खं सैन्य घेऊन आला.
राक्षस, बुटके, दोन डोक्यांचा एक कुणीतरी,
सगळे अंगठ्याएवढे, करडे, बिनचेहऱ्याचे.
"तुम्ही कप रंगवायचात ना?"
पहिल्या राक्षसाला मी तिरळं केलं.
चुकून. पुसायला गेले तर
रीस हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला.
"राहू दे," म्हणाला.
राहू दे!
एकतीस वर्षांत हे दोन शब्द
त्या बाकांमध्ये मी ऐकले नव्हते.

मग ती चेटकीण आली. हातात कंदील.
"हा पेटला पाहिजे."
पेटला म्हणजे काय, पिवळा थापायचा?
थापला.
पिवळा डबा घेऊन दूध आणायला निघालेली बाई दिसू लागली.
तीन संध्याकाळी गेल्या,
तीनदा रंग धुतला.

चौथ्या रात्री गल्लीतले दिवे गेले.
मेणबत्ती घेऊन जिना उतरताना
खालच्या आरशात कुणी म्हातारी उभी होती,
हनुवटी उजळलेली,
नाकाची सावली उलटी, कपाळाकडे चढलेली,
खालच्या पापण्या सोन्याच्या, वरच्या बुडालेल्या.
मी घाबरले. मग तशीच उभी राहिले,
मेण बोटांवर ओघळेपर्यंत,
नीट बघत.

सकाळी तिला आधी बुडवली.
टोपी निळीकाळी, पाठ निळीकाळी,
झग्याची प्रत्येक घडी.
मग नारिंगी, कोऱ्या चहाइतकं पातळ,
आणि ते कंदिलाच्या जागी बसून द्यायचं:
इथून हनुवटी दिसते? दिसते.
नाकपुडी? भुवईचं खालचं अंग? दिसतं.
कान नाही दिसत.
कानाला द्यावंसं फार वाटतं. नाही द्यायचं.
आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो,
मुठीच्या खाली, बुटांच्या टोकांवर,
तोही ज्याचा त्याला दिला.
शेवटी काचेवर पांढऱ्याचा एक टिंब.
ब्रशचं टोक ओठांनी जुळवलं,
कारखान्यात या गोष्टीसाठी बोलणी बसत.

झाली तेव्हा भर दुपार होती.
खिडकीत धरली, फिरवली,
ऊन उजवीकडून आलं, डावीकडून आलं,
तिच्या अंगावरची रात्र जागची हलली नाही.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये
रीसने तिला कागदी डोंगराच्या कडेला उभी केली.
मी चहाचा कप आणेपर्यंत मेली.
"फाशात दोन पडले," तो म्हणाला,
आणि तिला स्पंजच्या खाचेत आडवी निजवून
झाकण लावलं.

तिच्या बुडाला मी माझा जुना नंबर घातलाय,
सत्तेचाळीस,
कपांखाली घालत असू तसाच,
माल बिघडला तर पैसे कुणाचे कापायचे
ते कळावं म्हणून.
रीसला वाटतं, ते तिचं वय.