तहानेचा पत्ता

पहाटे साडेतीनला, सेर्रोच्या कत्तलखान्यात
माझं काम एवढंच:
मेंढी पडल्यापासून बारा मिनिटांत
तिच्या मेंदूच्या बुडाचा हरभऱ्याएवढा तुकडा
कोरड्या बर्फात टाकायचा.
कसाई हसायचे. अख्खी मेंढी सोडून
हा बाबा हरभरे वेचतोय.

डॉक्टर ओफेलिया इरुरेता मात्र मोजून घ्यायच्या.
एकोणीस हजार चारशे हरभरे. चार वर्षं.
दळले, आम्लात उकळले, गाळले,
काचेच्या उंच नळीतून थेंब थेंब सोडले.
हाती आलं ते तळाशी होतं म्हणे,
मला तर दिसतही नव्हतं.
"नऊ मणी आहेत," त्या म्हणाल्या, "ओळीनं ओवलेले."
मी तेवीस वर्षांचा. मला वाटलं, बाई कामातून गेली.

मग त्या न दिसणाऱ्यातला एक थेंब
पोटभर पाणी प्यायलेल्या मेंढीच्या डोक्यात सोडला.
तिनं बादलीत तोंड घातलं
ते पोट नगाऱ्यासारखं ताणेपर्यंत काढलं नाही.
तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ.
ही बाई तहानच खणत होती.

निरोप सापडला. पत्ता नव्हता.
कुणी वर्गात कुलूप-किल्ली म्हटलं की त्या चिडायच्या.
"कुलूप लोखंडी असतं, मख्ख.
रिसेप्टर म्हणजे पेशीच्या भिंतीत
सात वेळा आत-बाहेर ओवलेला दोरा.
सारखा थरथरतो. निरोप टेकला की अंग चोरतो,
आणि भिंतीपलीकडं
कुणीतरी झोपेतून उठतं."

ज्या साली विद्यापीठाच्या दारात सैनिक उभे राहिले
त्या साली वीज तोडली.
चौथ्या दिवशी आत सोडलं.
वास जिन्यातच आला.
त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं
आणि फ्रीजर स्वतः पुसला, कोपऱ्यांसकट.
मी बाहेर येर्बाचा पेला भरून ठेवला होता.
तो तसाच निवला.

पुढची अकरा वर्षं त्या चीजच्या कारखान्यात
मिठाचं प्रमाण तपासत होत्या.
मी टॅक्सी चालवली.
त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

परत आलो तेव्हा जग पुढं गेलेलं.
यादीत नवे नवे रिसेप्टर,
ज्यांचा निरोप कुणाला ठाऊक नाही ते अनाथ.
खरंच तोच शब्द वापरतात.
नाव नाही, नुसता आकडा.
त्यातल्या एकापाशी त्या बसून राहिल्या,
शाळा सुटल्यावर न्यायला कुणी न आलेल्या पोरापाशी
बाई बसतात तशा.

मेंदूचे काप, त्यावर किरणोत्सर्गी नऊ मणी,
त्यावर फिल्म. सहा आठवडे अंधारात.
फिल्म धुतली तो मंगळवार होता, नदीवरून घाण वारा सुटलेला.
मेंदूच्या त्या कडेला,
जिथं रक्ताआडचा पडदा विरळ असतो, तिथं
काळे ठिपके.
रात्री विमानातून गाव दिसतं तसं,
फक्त उलटं.
त्या काहीच बोलल्या नाहीत. माझी बाही धरून ठेवली.

सतरा दिवस आधी ओसाकाच्या लोकांनी
हेच छापलं होतं.
मी शिव्या दिल्या.
त्या म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे खरं आहे."

आता त्या एक्याण्णव वर्षांच्या.
डॉक्टर म्हणतात, पाणी पीत नाहीत,
मूत्रपिंडं सुकत चाललीत.
दर गुरुवारी मी जातो, पेला भरतो.
"तहान नाही रे, बाल्दो."
"या वयात लागत नाही. तुम्हीच शिकवलंत."
त्या खिडकीकडं बघतात, मग हसतात:
"निरोप येत असेल.
घरी कुणी नसेल."

तरी पेला घेतात, औषध घ्यावं तसा.
"किती आहे?"
"दोनशे मिली."
संपेपर्यंत मी थांबतो
आणि जुन्या सवयीनं
वेळ लिहून ठेवतो.