सतरावी ओळ

नव्या आवृत्तीच्या टिपणात मी एवढंच लिहिलं:
'यादी रिकामी असेल तर काय, हे सांगितलं नाही,
तर कंपायलर यापुढे नुसता इशारा देणार नाही.
अडवेल.'
बाविसातली सतरावी ओळ.

तिच्या मागे जानेवारीतला एक मंगळवार आहे.
योतेबोरीच्या दक्षिणेला, व्रोंगो बेटाचा धक्का,
पहाटे पाच चाळीसची फेरीबोट,
आणि त्या दिवशी चढलं कुणीच नाही.
आमच्या भाषेतला प्रोग्रॅम
पहिल्या प्रवाशाचं तिकीट मागत बसला.
पहिलाच नव्हता. तिथेच घोडं अडलं.
बोट दिवे लावून उभी,
रूने सुकाणूपाशी थर्मासचं झाकण फिरवत.

गुन्वोर अकरा वर्षं म्हणत आली होती,
इशारा पुरे, माणसं काय आंधळी आहेत?
या भाषेत नाव एकदाच ठेवता येतं, मग ते बदलत नाही;
नावं ठेवणारे मात्र रोज नवी ठेवतात,
त्यांचं किती मनावर घ्यायचं?

तरी ती गेली. लोकरी टोपी, मांडीवर लॅपटॉप.
पाच चाळीसला बोट सुरळीत सुटली.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी रूनेच म्हणाला,
बाई, तुम्ही बसलाय ना आत.

ती उतरली.
धक्क्यावर, उणे नऊमध्ये, हात काखेत घालून
स्वतःच्या नसण्याकडे बघत राहिली.
बोट हलली नाही.

बाकीच्या ओळीही खऱ्या आहेत.
चुकीचा संदेश आता चूक कुठे आहे ते दाखवतो,
पूर्वी तो फक्त ओरडायचा.
आळस अजून तसाच, गुण म्हणून:
मागितल्याशिवाय काही मोजायचं नाही.
'लक्षणीय वेगवान' मधलं लक्षणीय
गुन्वोरनं खोडलं. वेलदोड्याच्या पावाचा चुरा
अजून त्या कागदावर आहे.

पत्रं आली, बहुतेक रागाची.
कुणाचा प्रोग्रॅम चौदा जागी अडला होता,
कुणाचा दोनशे.
फेरीवाल्यांचा एकाच जागी.
तिथे काय लिहायचं ते त्यांना कळेना,
त्यांनी रूनेला विचारलं.
त्याला प्रोग्रॅमिंग येत नाही.
त्यानं घड्याळाकडे पाहून सांगितलं,
ते त्यांनी तसंच उतरवलं:

यादी रिकामी असेल तर
निघ.
स्टीरसोच्या धक्क्यावर माणसं थांबलेली असतात.